मधुमेहाचा वारसा: किती घराण्याचा, किती स्वयंपाकघराचा

"आमच्या घराण्यांतच मधुमेह आहे," हें वाक्य सुशिक्षित कुटुंबांतून इतक्या सहजपणें उच्चारलें जातें, कीं ऐकणाऱ्यास एखाद्या वडिलोपार्जित वाड्याचा उल्लेख चालला आहे असें वाटावें. आजोबांना होता, वडिलांना झाला, आतां थोरल्या काकांना निघाला. तेव्हां तो आपणांसहि व्हावयाचाच, अशी समजूत करून घेऊन मंडळी स्वस्थ बसतात. मुलीच्या लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं म्हणजे मात्र हेंच वाक्य घरांतून एकाएकीं नाहींसें होतें! एरव्हीं जी सबब, तेंच विवाहप्रसंगीं गुपित. हा वारसा खरोखर आहे तरी केवढा, तो उतारवयांत कसा उगवतो आणि त्यापुढें माणसाचें कांहीं चालतें कीं नाहीं, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस तर एक जास्तीची गोष्ट सांगावयाची आहे. कारण त्या भागांत रक्ताचा आणखी एक वारसा नांदतो, आणि तो मधुमेहाच्या तपासणीलाच चकवूं शकतो.

मधुमेह कुळांतून येतो ही कल्पना आपणांस पाश्चात्त्यांनीं शिकविली असें नाहीं. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्माबरोबर आलेला, म्हणजे सहज, आणि दुसरा अपथ्यानें जडलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश व दुसऱ्या प्रकारचा स्थूल असतो, हेंहि त्यानें नोंदविलें आहे. चरकसंहितेंत मातापित्यांच्या बीजदोषामुळें उत्पन्न झालेला प्रमेह असाध्य म्हणून गणला आहे. या वर्णनांतील निरीक्षण आम्हांस थक्क करतें. मात्र "असाध्य" हा निकाल आज आम्ही मान्य करणार नाहीं. तो कां, तें पुढें येईलच.

बीजदोष म्हणजे नक्की काय, हें कळावयास २१ वें शतक उजाडावें लागलें. आपल्या प्रत्येक पेशींत आईकडून एक व बापाकडून एक अशा लेखांच्या दोन प्रती असतात, व त्या लेखांतील एकेका कलमास जनुक म्हणतात. २००६ सालीं आइसलंड बेटांतील संशोधकांस दहाव्या गुणसूत्रावर टीसीएफ७एल२ नांवाचें एक जनुक असें सांपडलें, कीं ज्याच्या मजकुरांत एका ठिकाणीं अक्षर बदललेलें असल्यास मधुमेहाचा संभव वाढतो. हा बदल स्वादुपिंडाच्या कामांत व्यत्यय आणतो. जेवण झाल्यावर जें इन्सुलिन चटकन पाझरावयाचें, तें पुरेसें पाझरत नाहीं. पुढल्याच वर्षीं, २००७ सालीं, हीच गोष्ट आपल्या लोकांत पडताळून पाहण्यांत आली, आणि ती कोठें, तर पुण्यांत. तेथील के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मधुमेह विभाग आणि हैदराबादेची सी.सी.एम.बी. ही संस्था यांनीं मिळून पुण्याच्या ९५५ मधुमेही व ३९९ निरोगी माणसांचें रक्त तपासलें. आइसलंडांतला तोच बदल पुण्यांतहि मधुमेहाशीं निगडित निघाला. बर्फाच्या बेटावर राहणारा मासेखाऊ मनुष्य आणि सदाशिव पेठेंतला वरणभात खाणारा गृहस्थ यांचा बीजदोष एकच असावा, ही मौज वाटण्यासारखी गोष्ट खरीच!

पण या शोधानें "मधुमेहाचें जनुक सांपडलें" अशी जी वर्तमानपत्री आरोळी उठली, ती फसवी होती. या एका बदलानें संभव वाढतो तो साधारण दीडपट; आणि सामान्य मधुमेहाच्या बाबतींत ठळक बदलांपैकीं हा बहुधा सर्वांत बलवान् गणला जातो. बाकीचे पुष्कळसे बदल शेंकडा पांचदहांनीं संभव वाढविणारे, चिल्लर नाण्यांसारखे आहेत. २०२४ सालीं पंचवीस लक्षांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून जी गणना प्रसिद्ध झाली, तींत मधुमेहाशीं संबंध असलेलीं ६११ स्थळें आणि १,२८९ निरनिराळे बदल आढळले. तेव्हां मधुमेहाचा वारसा हा एखाद्या दागिन्यासारखा थोरल्या मुलाकडे जाणारा नव्हे. तो सुट्या पैशांच्या पिशवीसारखा आहे. प्रत्येक अपत्य आईच्या पिशवींतून एक मूठ व बापाच्या पिशवींतून एक मूठ उचलतें. म्हणूनच सख्ख्या भावांपैकीं एकास पन्नाशींत मधुमेह जडतो आणि दुसरा ऐंशीं वर्षांपर्यंत जिलब्या पचवितो.

अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवाच्या प्रसिद्ध पाहणींत असें दिसलें, कीं आईबापांपैकीं एकास मधुमेह असल्यास अपत्यास तो होण्याची शक्यता सुमारें साडेतीनपट होते, आणि दोघांसहि असल्यास सुमारें सहापट. आईकडचा वारसा अधिक कीं बापाकडचा, या प्रश्नावर आमच्या घरांतून जे वाद होतात त्यांस या आंकड्यांत कांहींच आधार नाहीं. दोन्ही बाजू जवळजवळ समसमान भरल्या. सगोत्र विवाह टाळण्याची आपली पद्धत जीं दुर्मिळ दुखणीं दोन्ही बाजूंनीं तोच दोष आल्यावांचून होत नाहींत त्यांच्या बाबतींत थोडीफार उपकारक असेल. पण मधुमेहाचे हे सुटे पैसे सर्व गोत्रांत आणि सर्व जातींत विखुरलेले असल्यामुळें त्या उपायानें ते चुकविणें शक्य नाहीं.

आतां जें सांगावयाचें आहे तें एकत्र कुटुंबानें विशेष लक्ष देऊन वाचावें. पति आणि पत्नी यांचें रक्त एक नसतें. सून तर दुसऱ्या गोत्रांतून, पुष्कळदां दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेली असते. असें असतां, अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत असें दाखविलें आहे, कीं जोडप्यांतील एकास मधुमेह असल्यास दुसऱ्यास तो होण्याचा संभव सुमारें २६ टक्क्यांनीं वाढतो. हा वारसा जनुकांचा खचित नव्हे! तो एका चुलीचा, एका वेळापत्रकाचा, रात्रीं साडेनऊस जेवून लगेच आडवें होण्याचा वारसा आहे. घराण्यांत मधुमेह आहे असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां त्यांत घराण्याचें रक्त किती आणि घराण्याचा स्वयंपाक किती, याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. मुलांनीं आजोबांचें नाक घेतलें तसें आजोबांचें ताटहि घेतलेलें असतें.

आमच्या वर्गांतील सडपातळ वृद्धांची एक खास समजूत आहे. "मी पहा कसा वेताच्या छडीसारखा, मला कसला मधुमेह?" या समजुतीस पुण्याच्याच संशोधनानें जबर धक्का दिला आहे. २००४ सालीं डॉ. याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. युडकिन यांनीं 'लॅन्सेट' पत्रांत आपलें दोघांचें जोडछायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजन दोघांचें अगदीं सारखें, निर्देशांक २२.३, पण अंगांतील चरबी मोजली तर साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! कपड्यांखालीं दडलेली ही चरबी पोटांत, यकृताभोंवतीं सांठते आणि इन्सुलिनाचें काम अडविते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जी मातांची पाहणी सुरू झाली, तींत असें दिसून आलें कीं हा प्रकार जन्मापासूनचाच आहे. तेथील बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो, आपल्या मुलाचे दंड, पोटऱ्या, यकृत सारें लहान, परंतु कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नाहीं. आज जे साठ-सत्तर वर्षांचे आहेत, त्यांपैकीं किती जण अर्धपोटी मातांच्या उदरीं वाढले असतील, याचा ज्यानें त्यानें आपल्याच घरांत विचार करावा. गर्भांत मिळालेली ही शिदोरी जनुकांत लिहिलेली नसते, पण जन्मभर पुरते.

एफटीओ नांवाच्या जनुकाविषयींहि असाच अनुभव आला. युरोपियन लोकांत तें आधीं वजन वाढवितें आणि वजनाच्या वाटेनें मधुमेह आणतें. वजनाचा हिशेब वजा केला कीं संबंध संपतो. पुणें व म्हैसूर येथील माणसांत मात्र वजन वजा केल्यावरहि संबंध पुष्कळसा शिल्लक राहिला. अर्थ उघड आहे: वजनाचा काटा आमच्या बाबतींत पुरता भरंवशाचा साक्षी नाहीं, कंबरेची फीत अधिक प्रामाणिक.

मग उतारवयाचा संबंध काय? जनुकें तर जन्मापासून तींच आहेत. आम्हांस वाटतें तें असें: जनुकांनीं स्वादुपिंडास भांडवलच थोडें दिलें, एवढाच बहुधा त्यांचा अपराध. तरुणपणीं खर्चहि बेताचा असतो, म्हणून तें भांडवल पुरतें. साठीनंतर दंडामांड्यांचें मांस झडूं लागतें, आणि रक्तांतील साखर खपविणारें मुख्य गिऱ्हाईक म्हणजे तें मांसच. हालचाल कमी होते, चरबी पोटाकडे सरकते, दम्यासाठीं किंवा सांध्यांसाठीं स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात, आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा जोरहि वयाबरोबर ओसरतो. ज्यास वारशानें भांडवल कमी मिळालें त्याचें दिवाळें आधीं निघतें. म्हणूनच पंचविशींतील मधुमेहांत बीजाचा भाग मोठा आणि पंचाहत्तरींतल्या मधुमेहांत वयाचा व राहणीचा भाग मोठा, असें सामान्यतः दिसतें. म्हाताऱ्या माणसांत हा रोग गुपचूप शिरतो. रात्रीं चारदां उठावें लागतें तें "वयोमानाप्रमाणें", थकवा येतो तोहि "वयोमानाप्रमाणें", चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो तो डोळ्यांच्या दोषानें, अशी कारणें घरांतच तयार असतात आणि रक्त तपासण्याचें कोणास सुचत नाहीं.

वारशाचें वजन किती धरावें याचें एक व्यवहारी माप चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं सिद्ध केलें आहे. शंभर गुणांपैकीं साठ किंवा अधिक भरले तर धोका मोठा समजावयाचा. पन्नाशी उलटली कीं ३० गुण. बैठें काम आणि व्यायाम मुळींच नाहीं, त्याचे ३०. पुरुषाची कंबर १०० सेंटिमीटर अगर स्त्रीची ९० सेंटिमीटर भरली तर २०. आणि आईवडील दोघेहि मधुमेही असतील तर २०, एकच असेल तर १०. वाचकांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. ज्याच्या आईबापांस मधुमेहाचा स्पर्शहि झाला नाहीं, असा साठ वर्षांचा, कंबर ९५ सेंटिमीटर, दिवसभर झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ ३०, ३० आणि १० मिळून ७० गुणांनीं "उत्तीर्ण" होतो! उलट दोन्ही बाजूंनीं वारसा असलेली, पण शेतांत खपणारी, नेमानें चालणारी व कंबरेनें सडसडीत अशी त्याच वयाची बाई ५० वर थांबते.

वारसा बलवान असतांहि माणसाचें चालतें, याचा पुरावा आतां देतों. अमेरिकेंत ३,२३४ माणसांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचा निकाल २००२ सालीं प्रसिद्ध झाला. साखर वाढूं लागलेली, पण मधुमेह न झालेलीं, अशीं तीं माणसें होतीं. आठवड्यास १५० मिनिटें चालणें आणि वजनांत शेंकडा सातांची घट, एवढ्या साधनानें मधुमेह होण्याचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें. मेटफॉर्मिनच्या गोळीनें तें ३१ टक्क्यांनींच घटलें. विशेष हें, कीं साठीपुढच्या मंडळींत चालण्याचा गुण सर्वांत अधिक, म्हणजे ७१ टक्के आला. पुढें २००६ सालीं याच लोकांचीं जनुकें तपासलीं. टीसीएफ७एल२ चा सदोष लेख आईबाप दोघांकडूनहि आलेल्यांस मधुमेह अधिक होत होता हें खरें. पण जे चालणाऱ्या गटांत होते, त्यांच्यांत सदोष व निर्दोष यांमधील अंतर म्हणण्यासारखें उरलें नाहीं. चरकाच्या "असाध्य" या शब्दास आम्ही हरकत घेतली ती या आधारावर. भारतांतल्या प्रयोगांत गुण इतका मोठा आला नाहीं हेंहि सांगितलें पाहिजे, चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या निबंधांत राहणी सुधारल्यानें प्रमाण २८.५ टक्क्यांनीं कमी झालें. पण साडेतीन माणसांपैकीं एक वांचला, हा लाभ कोणत्या वैद्याच्या बाटलींत मिळतो?

भंडारा जिल्हा म्हणजे वैनगंगेच्या कांठचा, मालगुजारी तलावांचा आणि धानाचा मुलूख. तुमसरचा तांदळाचा बाजार, चिन्नोराचा वास, सकाळसंध्याकाळ भात, ही तेथील ओळख. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणींत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत मधुमेहाचें प्रमाण ६.५ टक्के आणि शहरांत १०.९ टक्के आढळलें. २०२३ सालच्या अखिल भारतीय हिशेबांत देशांतले मधुमेही १० कोटी १० लक्ष झाले. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या माणसाच्या पोटांत जो भात खपत असे, तोच भात आतां मोटारसायकलवर फिरणाऱ्या त्याच्या मुलाच्या ताटांत तितकाच पडतो. आम्ही भात सोडा असें सांगणार नाहीं. भंडाऱ्यांत तसें सांगणाऱ्यास कोणी पाणीहि विचारणार नाहीं. ताटांत आधीं भाजी व तूर, मूग, हरभरा यांचें घट्ट वरण वाढावें, भाताची मूद शेवटीं आणि एकच असावी, इतकें पुरे.

आतां त्या दुसऱ्या वारशाविषयीं. विदर्भाच्या पूर्व भागांत सिकलसेल हा रक्तदोष पुष्कळ आढळतो. नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनीं १९५८ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत मध्य भारतांतील या दोषाची नोंद केली, आणि १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनासाठीं राष्ट्रीय मोहीमहि सुरू झाली आहे. दोष एकाच बाजूनें आला तर मनुष्य नुसता वाहक असतो, धडधाकट दिसतो, आणि आपण वाहक आहों याचा त्यास जन्मभर पत्ता नसतो. कांहीं समाजांत हा दोष फार, कांहींत क्वचित्. परंतु जातीवरून रक्ताचा तर्क करण्यापेक्षां तपासणी करणें केव्हांहि शहाणपणाचें. ती स्वस्त आहे. आपल्या घरीं राबणाऱ्या व आपली शेती पाहणाऱ्या माणसांच्याहि उपयोगाची आहे.

मधुमेहाशीं याचा संबंध असा. हल्लीं बहुतेक वैद्य तीन महिन्यांच्या साखरेची म्हणून जी एचबीए१सी तपासणी करवितात, तींत रक्तांतील तांबड्या द्रव्यास किती साखर चिकटली आहे हें मोजतात. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते, म्हणून त्यावरून दोनतीन महिन्यांची सरासरी निघते. सिकलसेलचा पुरा रोग असलेल्याच्या पेशी लौकर मरतात. त्यांस साखर चिकटावयास अवकाशच मिळत नाहीं, आणि आंकडा खोटाच चांगला येतो. नुसत्या वाहकांतहि, अमेरिकेंतील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या २०१७ सालच्या पाहणींत, रक्तशर्करा सारखी असतां हा आंकडा सुमारें ०.३ नें कमी भरला. शिवाय तपासणीच्या कांहीं यंत्रांस हें निराळें रक्तद्रव्य नीट ओळखतां येत नाहीं. ६.५ ही मधुमेहाची सीमा धरली, तर ६.३ वाल्या आजींस "कांहीं नाहीं, घरीं जा" असें सांगितलें जाईल, आणि पायाच्या जखमेंतून किंवा डोळ्याच्या पडद्यावरून रोग स्वतःच बोलूं लागेपर्यंत दोन वर्षें निघून जातील. उलट, अंगांत लोहाची कमतरता असल्यास हाच आंकडा उगाच वाढलेला दिसतो. म्हणून भंडारा, गोंदिया, गडचिरोली या बाजूच्या वृद्धांनीं केवळ या एका कागदावर भिस्त ठेवूं नये. उपाशीपोटीची आणि ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची साखर प्रत्यक्ष मोजवून घ्यावी. पहिली १२६ व दुसरी २०० यांवर गेली तर मधुमेह. म्हाताऱ्या माणसांत उपाशीपोटीची साखर पुष्कळदां चांगली असते व दोष फक्त दोन तासांनंतरच्या आंकड्यांत दिसतो, हें दुसरें कारण.

लाळेवरून जनुकें तपासून देण्याच्या ज्या जाहिराती येतात, त्यांविषयीं आमचें मत वाचक विचारतील. साठीनंतरच्या सामान्य मधुमेहासाठीं तो पैसा फुकट जातो. हे गुणांक मुख्यतः युरोपियन लोकांच्या रक्तावरून बसविलेले असून आपल्यांत ते तितके बरोबर उतरत नाहींत. आणि बरोबर उतरले तरी वैद्य शेवटीं चालावयासच सांगणार. अपवाद आहेत. ज्या घरांत तीन पिढ्या सडपातळ माणसांस पंचविशीच्या आंतच मधुमेह होत आला आहे, तेथें दोष एकाच जनुकाचा असूं शकतो आणि तो ओळखल्यास इन्सुलिन सुटून साध्या गोळीवर काम भागतें. तसेंच, आईकडूनच येणारा मधुमेह आणि त्याबरोबर बहिरेपणा असा जोड दिसला तर वैद्यास तें आवर्जून सांगावें.

त्या खर्चापेक्षां दुसरें एक काम आमच्या घराण्यांस सहज करतां येईल. आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची जुनी हौस आहे. कोण कोठें शिकला, कोण कोणत्या हुद्द्यावर चढला, कोणाची मुलगी कोठें दिली, हें सारें त्यांत तपशिलानें सांपडतें. कोणास कोणत्या वयांत काय दुखणें झालें, ही ओळ मात्र शोधूनहि मिळत नाहीं. पुढील आवृत्तींत ती घालावी. लेकी व सुना यांच्या गरोदरपणांत साखर वाढली होती कीं काय, हेंहि त्यांत असावें; कारण अशा बाईस पुढें मधुमेह होण्याचा संभव फार असतो, आणि वीस वर्षांनीं ती गोष्ट एकट्या तिलाच आठवत असते.

ज्यांस रोग जडलाच आहे अशा वृद्धांच्या घरच्यांनीं दोन गोष्टी संभाळाव्या. साखर फार उतरणें हें म्हातारपणीं ती थोडी चढण्यापेक्षां अधिक घातक. ती उतरली म्हणजे घाम, गोंधळ, पडणें, कधीं बेशुद्धि. एकादशी अथवा चातुर्मासाचे नेम धरावयाचे तर गोळ्यांचें प्रमाण वैद्यास विचारून आधीं ठरवावें. गोळी घेऊन उपाशी राहणें हें व्रत नव्हे. दुसरें, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षें घेतल्यास शरीरांतील ब१२ जीवनसत्त्व घटतें, आणि शाकाहारी घरांत तें मुळांतच कमी असतें. हातापायांस मुंग्या येऊं लागल्या तर दोष मधुमेहावर लोटून मोकळें होऊं नये. तें जीवनसत्त्व मोजवून पाहावें.

दोन तासांच्या तपासणीस जातांना आधीचे तीन दिवस नेहमींसारखें जेवावें. परीक्षा आहे म्हणून भात सोडूं नये, नाहींतर निकालावर विश्वास ठेवतां येत नाहीं. रात्रीं आठ-दहा तास उपाशी राहून सकाळीं लौकर जावें, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून पांच मिनिटांत प्यावें, आणि दुसऱ्यांदां रक्त देईपर्यंत तेथेंच बसून राहावें. मधल्या वेळांत बाजारांत चक्कर मारूं नये, चहा घेऊं नये व तंबाखूची पुडीहि उघडूं नये.